अक्रोडाने तुटलेली दाढ

दाताच्या डॉक्टरकडे लोक कशाला जातात? कीड लागली, हिरड्या सुजल्या, अक्कलदाढ आली. मी गेलो चकलीमुळे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चंदीगडला युनिव्हर्सिटीत नुकताच लागलो होतो. नोकरी पक्की व्हायची होती आणि सही आमच्या हेडची लागणार होती. हेड साताऱ्याचे. दिवाळीला त्यांनी फराळाला बोलावलं, त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चकल्या वाढल्या. दुसऱ्याच घासाला माझ्या दाढेचा टवका उडाला. मी तो चकलीबरोबर गिळला आणि आणखी एक चकली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरदारजी डेंटिस्टकडे गेलो. त्यांची खुर्ची आणि बाहेरचं बाकडं यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

"क्या खाया था जी?"

मी खरं सांगणार, तेवढ्यात पडद्यापलीकडून वहिनींचा आवाज आला, "अहो, बसा इथे. आत कुणीतरी आहे."

"अखरोट," मी म्हणालो.

बाहेर आलो, तर बाकड्यावर हेड गालाला रुमाल लावून बसलेले. ते आणि वहिनी आत गेले. मी चिठ्ठीसाठी थांबलो होतो. आत पुन्हा तोच प्रश्न झाला. मग सरांचा आवाज आला, "अखरोट."

थोड्या वेळाने वहिनी वैतागूनच बाहेर आल्या, मागोमाग सर. "तुमचाही अक्रोड, यांचाही अक्रोड! कशाला खाता ते? घरात दोन डबे चकल्या पडल्यात!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या कागदावर सही झाली.