शेवंतीसारखं काहीतरी

मोर्शीच्या बससाठी रांगेत उभ्या रागिणीचे कान पुढच्या दोघींच्या बोलण्याकडे लागले होते. त्या मोबाईलमधला फोटो पाहत होत्या.

“पार्बताबाई, शेवंती हाय का हे?”

“नाही वं. याले पाकळ्यांचा एकच फेर. दरसाल उपटतो, दरसाल मुळातून उगवते. दुकानदार म्हणे, नाव सांगा, मंग मारायचं औषध देतो.”

“लावलं कोनं?”

“सुनेनं. माहेरून आणलं होतं.”

“मंग तिलेच विचारा.”

“ती तर घर सोडून गेली. काल तिच्या बापाले फोन केला. म्हटलं, मैथिलीले द्या. म्हणे, या नावाचं इथं कोणी राहत नाही.”

“काहून?”

“मैथिली नाव आमी ठेवलं होतं, लग्नात, तांदळात लिहून.”

“मंग माहेरचं नाव घ्यायचं!”

“तेच तर आठवून नाही राहिलं.”