जरा उजेड वाढवा की!

…नाही, पण मला सांगा, टेबलावर झोपवलेल्या माणसाच्या अंगावरून भांडावं का कुणी? अहो, भूल नाही, गुंगी नाही, टक्क जागा मी! अँजिओग्राफी चाललेली, मनगटातून घातलेली नळी हृदयापाशी पोचलेली, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे मशीनवाल्या ताई, दोघांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा… अन् मी मधे आडवा, पाठीमागून उघड्या झग्यात!

डॉक्टर म्हणतात, "धूसर येतंय हो! काय डोंबल बघू यात?" ताई म्हणतात, "एक्स-रेचे किरण मुद्दाम कमी ठेवलेत, सर. काकांची ही तिसरी अँजिओग्राफी आहे. आणि आधी पाय काढा!" पाय म्हणजे काय, तर खाली पेडल असतं, दाबलं की किरण सुरू. अन् हे साहेब बोलायला लागले की पाय तिथंच! "सर, पाय!" "हो हो, काढला!"… अन् मी मधे आडवा!

आता तुम्हाला सांगतो, माझा फोटो स्टुडिओ. उभा जन्म लोकांना 'हलू नका' म्हणण्यात गेला. धूसर फोटो दिसला की मी फाडून टाकतो, अन् इथं पडद्यावर माझंच हृदय, त्यात एक शीर मधेच पुसल्यासारखी! ती खरंच बंद, की फोटो खराब? गेलं तोंडातून, "ताई, जरा उजेड वाढवा की!"

झालं! डॉक्टर खूश, "बघा, पेशंटसुद्धा तेच म्हणतोय!" ताई माझ्याकडे अशा बघतात… "काका, इथला उजेड म्हणजे किरणच. तो तुमच्या अंगातून जातो." मी जाणार कुठं? मधे आडवा!

शेवटी ताईंनीच तोड काढली. किरणांची चौकट बारीक केली, त्या शिरेपुरतीच, अन् म्हणाल्या, "सर, एकदाच दाबा. काका, श्वास धरा, हलू नका." मला! 'हलू नका'!

फोटो असा स्वच्छ आला म्हणता… अन् शीर खरंच बंद. जन्मात पहिल्यांदा वाटलं, फोटो बिघडला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. बाहेर बायको बसलेली, तिला काय सांगू? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ताई, अन् त्या किरणांचं काय?"

"काही होत नाही, काका. झालाच त्रास तर वीस-पंचवीस वर्षांनी."

वय माझं एकाहत्तर. म्हटलं, "ताई, तुमच्या तोंडात साखर पडो!"