सासूबाईंना दाखवलेली चित्रं

माद्रिदमध्ये, प्राडो या चित्रसंग्रहालयाच्या रांगेत माझ्यापुढे ऐंशीच्या घरातल्या एक बाई आणि त्यांची सून उभ्या होत्या.

“बेगोन्या, सकाळी एक संग्रहालय झालं, आता हे, जेवल्यावर तिसरं. माझ्यावर एवढी माया कधीपासून?”

“असं काय हो आई! तुम्हीच म्हणायचात ना, जन्म इथे गेला पण चित्रं बघायची राहिली.”

“ते मी तुझ्या लग्नाच्या वेळी म्हणाले होते. माझा लेक आंद्रेस का नाही आला?”

“त्याला काम आहे.”

“रविवारी?”

“थोडंसंच आहे.”

“मघाशी मी दमले, घरी जाऊ म्हटलं, तर तुझं तोंड का उतरलं?”

“तिकिटं वाया गेली असती.”

“तिकिटं अजून काढायचीत, बाई.”

सुनेने पर्समधून फोन काढून बघितला.

“माझं घर रिकामं करताय ना आज? वृद्धाश्रमात खोली घेतलीत?”

“आई, चार जिने चढवत नाहीत तुम्हाला. परवा पडलात. आमचा जीव थाऱ्यावर नसतो हो.”

“मग तसं मला विचारायचं. चित्रं कसली दाखवतेस?”

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला.

“घे की. आंद्रेसच असेल. किल्ली लागत नाही म्हणेल. शुक्रवारीच कुलूप बदलून घेतलंय मी.”

“आई!”

“त्याला सांग, ट्रकवाल्यांना परत पाठव आणि पायरीवर बसून राहा. मी चित्रं बघून सावकाश येते, मग बोलू.”