दुसऱ्या फळीची यादी

...न्हाय न्हाय, तुमीच सांगा की! सेंटर फारवर्ड म्हनून ज्याचं नाव लिवलंय त्यो संगप्पा गेल्या सोमवारपासनं अकलूजला सासऱ्याच्या उसाला पानी देतोय! समद्या साचेखात्याला म्हाईत, गेटावरच्या शिपायाला म्हाईत, गेटाम्होरं भजी तळती त्या केराबाईला म्हाईत... फकस्त यादी लिवनाऱ्याला म्हाईत न्हाय! आन् त्याच्याखाली राइट बॅक म्हनून ज्याला घातलाय त्याचा पाय जत्रंत मोडलाय, फळ्या बांधून खाटंवर पडलाय. त्यो काय खाटंसकट यीऊन हुबा ऱ्हानार हाय का? आन् समद्यात खालचं नाव... ते ऱ्हाऊ द्या. त्याच्यावर मागनं येतो. पर तुमाला सांगतो, शनवार आला, भोंगा झाला, यादी लागली, की माजं डोस्कं फिरतं!

कसली यादी म्हनता? आवो, हाकीची! आमच्या मिलच्या दुसऱ्या फळीची!

आता ही फळी काय भानगड हाय ती ऐका. मिलमंदी हाकीच्या टीमा दोन. पयली फळी म्हंजी सायबाची लाडकी. त्यानला बूट, त्यानला सकाळी दूद, खेळाच्या दिवशी अर्दी पाळी माफ, आन् आगगाडीत बसून पुन्याला जायाचं, हारून यायाचं, तरीबी गळ्यात हार! आन् दुसरी फळी म्हंजी आमी. अनवानी. पयल्या फळीच्या मोडक्या काठ्या सुतळीनं बांधून आमाला. पयल्या फळीत ज्याचा दम उसवला त्यो आमच्याकडं, आन् आमच्याकडं ज्याला चुकून खेळता याया लागलं त्यो चालला वर! म्हंजी आमी नुसतं मेंढरू पोसायचं आन् लोकर दुसऱ्यानं कातरायची. ह्याला काय टीम म्हनायचं? जत्रंत चुकल्याली मानसं बी ह्याच्यापरीस बरी, ती निदान येका जागी हुबी ऱ्हात्यात.

मी कोंडीबा. मूळचा वळसंगचा, हितं साचेखात्यात दोन साचं, म्हंजी कापड इनायचं माग, चालवतो, वय पन्नाशीच्या घरात. कंदी काठी हातात धरली न्हाय. पर सा वर्सं झाली, दुसऱ्या फळीचा येक खेळ चुकवला न्हाय. आईतवारी दुपारी तीनला, टळटळीत उनात, गोलाच्या मागं धोतर खोचून हुबा! "डावीकडं सरक! आरं मुडद्या, फुडं ये! पाय आडवा घाल!" सा वर्सं वरडतोय. सा वर्सांत आठ गोलकिपर झालं. येकानं माजं ऐकलं न्हाय.

आन् शनवार आला, भोंगा झाला, यादी लागली, की टायम हापिसाच्या भिताडाला नाक लावून पयला हुबा ऱ्हानार कोन? मीच. आमची गोजरबाई म्हनती, "लेकाचं लगीन जमवलं तवा यादीवर सही ठोकून मोकळं झालात, वाचलीबी न्हाय. आन् हितं रोजच्या रोज कोन वर गेला, कोन खाली आला! त्यातला येक तरी तुमाला वळखतो का वो?" आता हिला काय सांगायचं? बायकानला हाकीतलं काय कळतं? म्हंजी खरं सांगायचं तर वळखत न्हाय कुनी. ते येगळं.

बातमी म्हनाल तर तीबी धड न्हाय. औंदा तिकडं जर्मनीत आपल्या लोकानी गोऱ्यांवर गोलावर गोल चढवलं, तर पेपरात ही येवडाली अक्षरं! हाटेलात येकानं वाचायचं आन् वीस जनानी ऐकायचं. आमचीबी बातमी आली होती येकदा, खोटं न्हाय बोलत. आठवड्याच्या पेपरात, मळमळीच्या चूर्नाच्या जाहिरातीखाली. "दुसऱ्या फळीचाही सामना झाला." बास! जिंकला का हारला, कोन खेळला, काय न्हाय! झाला! आरं, पाऊस झाला तर किती झाला ते तरी लिवतोस की!

आन् मानसांची अदलाबदल तर इचारूच नका. गेल्या साली तळ्याकडच्या मिलला आमी दोन चांगलं खेळनारं गडी दिलं, आन् बदल्यात घेतलं काय? येक मानूस आन् तीन काठ्या! त्यातल्या दोन काठ्या फुटक्या, आन् त्यो मानूस पयल्या दिवशी माळावर यीऊन म्हनतो, "हाकी? नक्को रे बाबा! मैं तो वहाँ के बाजे में ढोल बजाता था!" आता बोला! ढोलवाला आनला आमी! त्याला बी खेळवला, लेफ्ट आऊटला. तुमाला सांगतो, त्यातल्या त्यात त्योच बरा पळायचा.

पर मंग... मंग मायाप्पा आला.

सांगोल्याकडचा धनगर. दुस्काळात मेंढरं गेली, म्हनून हितं कापसाच्या गाठी उचलायला लागला. ना कुनाशी बोलनं, ना हसनं, खांद्यावर घोंगडं आन् नजर लांब. तवा गोलात हुबं ऱ्हायाला कुनी नव्हतं. आमचा कप्तान महादेवप्पा, त्यो आमच्या खात्याचा जाबर हाय, म्हंजी मुकादम, अक्कलकोटाकडचा कानडी, त्यानं ह्याला बाजूला घितलं. "एनप्पा, ह्या दोन खांबातनं कायबी आत जाऊ द्यायचं न्हाय. कळलं का?" मायाप्पानं खांब बगितलं, मान हालवली, हुबा ऱ्हायला. आवो, जल्मभर वाघरीच्या, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या, तोंडाशी हुबं ऱ्हाऊन मेंढरं आडवल्याला गडी त्यो! बॉल कुटं जातोय? पाच खेळ झालं, आत गोल येकच, आन् त्योबी आमच्याच ढोलवाल्यानं मारल्याला! चार खेळ बरुबरीत सुटलं. आन् पाचवा... पाचवा आमी जिंकलो! सा वर्सांत पयल्यांदा! मी घरी पळत गेलो, "गोजरे, जिंकलो!" ती भाकरी थापत म्हनली, "कोन?" मला रडाया आलं वो. खरंच आलं. आनंदानं, आन् जरा हिच्यामुळंबी.

आता फुडच्या पंदरवड्यात खेळ होता रेल्वेच्या दुसऱ्या फळीसंगं. त्यानला आमी कंदीच हारवलं न्हवतं. मला बाकी काय नगं हुतं, पितळंचा पेला नगं, पेपर नगं. येकदा, फकस्त येकदा रेल्वेवाल्यानला मान खाली घालून जाताना बगायचं हुतं. आन् नेमकं पाचवा खेळ जिंकला त्याच आईतवारी मी गोलामागं हुबा, तर शेजारी कोन? पयल्या फळीचा कप्तान! टायम हापिसातला कारकून, हातात वही! मला इचारतो, "काय हो, हा गोलकीपर कुठला? नाव काय याचं?" झालं! शनवार आला, भोंगा झाला, यादी लागली, की मायाप्पा वर! आन् आमच्या गोलात पुन्ना कोनतरी ढोलवाला!

मंग मी इचार केला. पयल्या फळीचे खेळ हुत्यात सांजच्याला, बाकीच्यांची पाळी सुटल्यावर, पार अंदार पडंपातुर. आमचे भर दुपारी. तवा मायाप्पाला सांजचं दिसत न्हाय येवडं जर कारकुनाच्या कानावर गेलं, तर त्यो वरबी जानार न्हाय आन् आमच्याकडंबी ऱ्हाईल. हाय का न्हाय डोस्कं? कुनाचं वाटोळं न्हाय, कायबी न्हाय. जराशी रातांधळ्याची बातमी.

आता साचेखात्यात बोलनं कसं चालतं ते तुमाला ठाव हाय का? दोनशे साचं येकदम खडखडत्यात, देव आला तरी ऐकू यायाचा न्हाय. समदं हातानं. जेवायला चल म्हंजी असं, जाबर आला म्हंजी असं. तर मी काय केलं, शेजारच्या साच्यावर ज्ञानू हुता, त्याला दावलं: ह्यो गोलात हुबा ऱ्हातो त्यो, मंग तळहात खाली खाली नेला, म्हंजी सूर्य मावळला, आन् मंग डोळ्यावर येक हात. ज्ञानूला बरुबर कळलं. त्यानं फुडं दावलं. तितपातुर ठीक. पर तिसऱ्या रांगंत येकाचा धागा तुटला, त्यानं घाईघाईत सूर्यच गाळला! नुसता डोळ्यावर हात! पाचव्या रांगंत दोन हात! मी हिकडनं बगतोय. मी सूर्य दावतोय, खाली खाली, "सूर्य! आरं सूर्य ऱ्हायला!" कोन बगतंय? आन् शेवटच्या रांगंत तर येक बाबा डोळं मिटून, हातात काठी धरल्यावानी चाचपत चाचपत चालून दावत हुता! तितंच जाबराचं टेबल. तितंच महादेवप्पा.

शनवार आला, भोंगा झाला, यादी लागली. पयल्या फळीत मायाप्पा न्हाय. म्हनलं, वा रे कोंडीबा! दुसरी वाचली... दुसरीतबी न्हाय!

मी पळत महादेवप्पाकडं. त्यो म्हनतो, "आंदळ्याला गोलात हुबा केला म्हनून सायबानं इचारलं तर काय सांगू?"

"आवो, आंदळा कसा? पाच खेळ कुनी आडवलं?"

"अंदाजानं आडवलं आसंल!"

अंदाजानं! आता ह्या मानसाला काय म्हनावं? आन् नुसतं यादीतनं न्हाय, त्याला कामावरनंबी काडला, गाठी कुनाच्या अंगावर पडतील म्हनून. मायाप्पा घोंगडं घीऊन गेटाशी हुबा. त्यानं कुनाला जाब इचारला न्हाय, कायबी न्हाय. नजर लांब. मी तोंड उगडलं, सांगावं म्हनलं, "ह्यो समदा माजा उद्योग." न्हाय सांगितलं. लाज वाटली मला. आजपातुर तेवडी कशाची वाटली न्हाय. केराबाईची भजी बांदून त्याच्या हातात दिली आन् आलो घरी.

आन् फुडं काय झालं ऐका! त्यो गेला सरळ रेल्वेत. रेल्वेत डोळं तपासत्यात, ठाव हाय का? लांबनं लाल कंदील, हिरवा कंदील, बारीक अक्षरं! त्यांच्या डाक्टरनं तपासलं आन् म्हनला म्हनं, आसली नजर उभ्या ठेसनात कुनाची न्हाय! लावला कायमचा. आन् रेल्वेच्या दुसऱ्या फळीत... गोलात!

आन् आमच्या गोलात? शनवार आला, भोंगा झाला, यादी लागली. मी नाक लावून वाचतोय, खाली आलो, गोलकिपर... कोंडीबा! मी म्हनलं, दुसरा कोन कोंडीबा लागला काय? मागनं महादेवप्पा म्हनतो, "सा वर्सं गोलामागं हुबा ऱ्हाऊन वरडतोस, समदं तुला म्हाईत हाय की! आता दोन पावलं फुडं ये."

दोन पावलं! ती दोन पावलं लई लांब असत्यात बगा. ते पायाचं पॅड माज्या कमरंपातुर आलं. बॉल येताना दिसतो का म्हनता? न्हाय, आवाज येतो! आन् मंग मागं टाळ्या! नऊ गोल झालं. नऊ! आन् मागनं कोनतरी बेनं वरडतंय, "मुडद्या, डावीकडं सरक!" आन् पलीकडच्या गोलात मायाप्पा खांबाला टेकून हुबा, आमचा येक बॉल त्याच्यापातुर गेला न्हाय.

खेळ संपल्यावर त्यो आला, खाली बसून माज्या पॅडाचं पट्टं सोडाया लागला. माज्याच्यानं त्याच्याकडं बगवना. म्हनतो, "मामा, ज्यानं कुनी माज्या डोळ्याचं उठवलं, त्याचं देव भलं करो. पक्की नोकरी लागली." मी म्हनलं, "व्हय, व्हय... करंल की." दुसरं काय म्हननार?

तवापासनं तीन म्हयनं झालं. सेंटर अकलूजला गेला, बॅकचा पाय मोडला, ढोलवाला परत त्याच्या बाजात गेला. सा वर्सांत ज्या यादीत येक नाव दोन आठवडं टिकलं न्हाय, त्यात येक नाव कायम हाय. पयल्या फळीला नगं हाय, तळ्याकडच्या मिलला तीन काठ्या वर देऊनबी नगं हाय!

तवा परवा मी शेवटचा उपाय केला. भर साचेखात्यात सोताच्या छातीवर हात मारला आन् डोळ्यावर हात ठिवला. येक न्हाय, दोनी! सूर्य-बिर्य कायबी न्हाय! बरुबर शेवटच्या रांगंपातुर पोचलं, येक खून गळली न्हाय. महादेवप्पानं बगितलं, सावकाश उठला, माज्या साच्यापाशी आला आन् कानाशी तोंड आनून म्हनला,

"म्हाईत हाय की, कोंडीबा. समद्यानी खेळताना बगितलंय. ऱ्हा हुबा!"