हात तोच होता

बसा, सगळे बसा. मुरगूडहून पाव्हणे आलेत, तालमीतली मंडळी आलीत, कॉलेजातलीही आलीत. बाईनं आपल्याच नवऱ्याच्या शोकसभेत बोलू नये, असं सकाळपासून दोघांनी सुचवलं. मी बोलणार आहे. 

आमचे मालक, केरबा, तुम्हाला पैलवान म्हणून माहीत. पण बावीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळले. दाणापाणी, भुसा बदलणं, वजन करणं. शेपटीच्या बुडाशी धरायचं आणि लगेच दुसरा तळवा खाली द्यायचा. घरी चहाची बशीसुद्धा तशीच धरायचे.

मग ते वेगळे उंदीर आले. आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं, चरबी साठवा असा निरोप घेऊन जातं. तो निरोप ऐकण्यासाठी लागणारं जनुक या उंदरांत बंद केलेलं होतं. चरबीचं खाद्य घालूनही ते जाड होईनात. शेजारच्या पिंजऱ्यातले साधे उंदीर तेच खाऊन गोल झाले. प्रयोग चालवणारे सर खूश. यातून माणसाचं वजन उतरवायचं औषध निघेल, म्हणायचे. सगळ्यांचे डोळे वजनकाट्यावर.

एक दिवस वजन करताना मालकांच्या तळव्यावर एका उंदराचा पाय मोडला. आठवड्याभरात दुसऱ्याचा. सलीमभाई, तुम्ही तिथंच पिंजरे धूत होतात. तुम्हीच म्हणालात, "पैलवान, उंदीर हाय त्यो, कुस्ती न्हवं!" सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "केरबा, तुझा हात जड आहे."

मालक म्हणाले, "सर, हात त्योच हाय की. मग शेजारच्या पिंजऱ्यातल्यांचं का मोडत न्हाय? ह्यांची हाडंच कच्ची हायत. तालमीत मोडलेली हाडं बसवलीत मी. बोटाला कळतंय."

उत्तर म्हणून मेमो आला. हलगर्जीपणा. उंदरांपासून काढून त्यांना बाटल्या धुवायला लावलं.

आणि मी? मी काय म्हणाले? भाकरी वाढता वाढता म्हणाले, "व्हय, जडच हाय तुमचा हात."

ते ताटावरून उठले नाहीत. भाकरी संपवून हात धुतले. पण लेकीची मुलगी तेव्हा रांगत होती. त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी उचललं नाही. हात पुढं करून यायची ती. "तूच घे," मला म्हणायचे.

पुढं सरांनी त्या उंदरांचे एक्स-रे काढले. हाडं विरळ निघाली. तेच संप्रेरक हाडांनाही भर घालायचा निरोप देतं. निरोप बंद, तर अंगावर चरबी नाही आणि हाडांत बळही नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. लेकीनं सायबर कॅफेतून सरांचा इंग्रजी लेख छापून आणला. शब्दकोश घेऊन तीन महिने बसले मी. समजलं तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. एवढंच म्हणाले, "सरांस्नी कळलं न्हवं का? मग झालं की."

झालं नाही. मेमो अजून फायलीत आहे.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. मान खाली घालू नका. तुम्ही वाईट माणूस नाही. आजारपणात दोनदा दवाखान्यात आलात. दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोललात. ते वाट बघत होते, सर. तुम्ही गेल्यावरही दाराकडे बघत होते.

मला फाईल नको. एक वाक्य हवंय, या सगळ्यांसमोर. नात आता सात वर्षांची आहे. ती बघा, आईच्या मांडीवर. तिला वाटतं, आजोबांना ती नकोशी होती.

माझं वाक्य मी आधी म्हणते. केरबांचा हात जड नव्हता. मी चुकले.

आता उभे राहू या. दोन मिनिटं त्यांच्यासाठी शांत राहू. मग मी खाली जाऊन नातीजवळ बसेन. माईक इथंच चालू राहील, सर.