पुढचे दोन शॉकअप

काकाची जीप तेव्हा मीच चालवायचो, म्हणून छातीठोक सांगतो. चारी शॉकअप गेले होते आणि काका दोनाच्या वर पैसा सोडायला तयार न्हाईत. परभणीच्या मिस्त्रीनं विचारलं, "मग पुढं बसवू का मागं?"

काका म्हणले, "पुढंच बसव. पुढं मी बसतो. मागं काय, सोयरेच असतेत."

आठ दिवसांनी नव्या जावयाला पिंगळी स्टेशनावरून आणायला गेलो. जावयाचा मान म्हणून तो पुढं बसला, काका मागं. दोन कोसांत काकाचं डोकं टपाच्या पाइपाला चारदा आपटलं.

जावई मागं वळून म्हणला, "मामा, गाडी लय मऊ चालायलीय. झोपच यायलीय!"

जन्मात स्टेरिंगला हात न लावलेले काका माझ्यावर ओरडले, "थांबव! उतर खाली. आता मी चालवतो!"