दोन गाण्यांची रीत

ताइस्तो : त्या फोनला बोट लावू नकोस, ओस्मो. आधी मला सांग, हे गाणं आहे कुठे?

ओस्मो : कुठे म्हणजे? वाजतंय की. सगळा मांडव नाचतोय त्याच्यावर.

ताइस्तो : वाजतंय ते मलाही ऐकू येतंय. राहतं कुठे, ते विचारतोय. माझी गाणी ह्या लॅपटॉपमध्ये राहतात. एकेक विकत घेऊन डाउनलोड केलेलं. एक नक्कल ह्या हार्डडिस्कच्या डबीत, दुसरी घरामागच्या सौनाच्या माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात.

मार्केता : वाफेच्या न्हाणीत कशाला रे?

ताइस्तो : घराला आग लागली तर गाणी तरी वाचावीत.

ओस्मो : ह्या गावात आजवर जेवढ्या आगी लागल्या, त्या सौनालाच लागल्या.

ताइस्तो : तू तिकिटं फाडायचं काम कर. खजिनदार झालास म्हणून संगीतातलं कळायला लागलं असं नाही.

ओस्मो : हिशेबातलं कळतं ना? एक कॉफी आणि एक दालचिनीचा बन, एवढ्या वर्गणीत महिनाभर जगातली सगळी गाणी. आणि तू अठरा वर्षं एकेक विकत घेत बसलास.

ताइस्तो : विकत घेतलं म्हणून माझं झालं. तुझं भाड्याचं आहे.

मार्केता : तू स्वतः भाड्याच्या घरात राहतोस, ताइस्तो.

ताइस्तो : राहतो. पण घरमालक रात्रीतून येऊन माझी न्हाणी उचलून नेत नाही. परवा काय झालं विचार ह्याला. सोमवारी मी त्याची ॲपमधली यादी तपासली तेव्हा तो सप्टेंबरचा टँगो होता. काल बघतो तर राखाडी पडलेला. नाव दिसतंय, दाबलं तर वाजत नाही. माणूस गेला तरी दारावरची पाटी राहते ना, तसं.

ओस्मो : दोन कंपन्यांचं भांडण झालं असेल काहीतरी. म्हणून काय बिघडलं? त्याच टँगोची आणखी अकरा रूपं होती तिथे. एक घेऊन टाकलं.

ताइस्तो : उद्या तुझी बायको रायली नाहीशी झाली आणि मी तुला दुसऱ्या अकरा रायली दाखवल्या, तर चालेल?

ओस्मो : आधी दाखव तर.

मार्केता : पुरे आता! मंडळाची अध्यक्ष म्हणून सांगते आणि बहीण म्हणूनही सांगते. निर्णय झालाय. बुधवारच्या नाचाला वर्गणीचं ॲप, माझ्या फोनवर. ओस्मोने तुझीच यादी त्यात उतरवलीय, तुझ्याच क्रमाने. तू आता त्या खुर्चीतून ऊठ.

ताइस्तो : उठून काय करू?

मार्केता : नाचाच्या मांडवात लोक काय करतात?

ताइस्तो : काहीजण सॉसेज खातात.

मार्केता : ताइस्तो, तिकडे बघ. बायकांच्या रांगेत, तिसऱ्या खांबापाशी. निळा स्वेटर.

ताइस्तो : बघितलं.

मार्केता : कधी?

ताइस्तो : आली तेव्हा. आणि मग अधूनमधून.

मार्केता : मोसमातला शेवटचा बुधवार आहे हा. शनिवारी हिल्काचं सामान जहाजावर चढणार. मुलीकडे, स्वीडनला. एकदा गेली की गेली ती.

ताइस्तो : मला काय सांगतेस? तिची पुस्तकांची खोकी मीच बांधून दिली. जन्मभर ग्रंथालयाची गाडी चालवली, घरात पुस्तकांशिवाय काही नाही. अख्खी दुपार गेली.

मार्केता : अख्खी दुपार! मग काय बोललास?

ताइस्तो : दोरी दे म्हणालो.

मार्केता : आणि?

ताइस्तो : तिने दिली.

ओस्मो : मग आणखी काय पाहिजे? माझं आणि रायलीचं ह्याहून कमी बोलणं झालं होतं.

मार्केता : तू गप्प बस. ताइस्तो, मला गाण्यांचं काही पडलेलं नाही. तुझी असोत, भाड्याची असोत. मी ही वर्गणी घेतली ती तुला ह्या खोलीतून बाहेर काढायला. अठरा वर्षं तू ह्या खिडकीमागे बसलायस. "यंत्र सोडून कसा येऊ," म्हणतोस. चार हजार गाणी तुझ्या मालकीची, आणि त्यातल्या एकावरही नाचलेला नाहीस.

ताइस्तो : कुणीतरी बघायला लागतं. एका बाईबरोबर दोनच गाणी नाचायची; दुसरं संपलं की मधे मोकळी जागा सोडावी लागते. लोकांना आभार मानायला, बाईला जागेवर नेऊन सोडायला. ती जागा मी मोजून टाकलेली आहे. म्हाताऱ्या जोड्यांसाठी थोडी जास्त.

ओस्मो : आता हे आपोआप होतं. हे बघ, कॉफीच्या सुट्टीपर्यंतची यादी. राहिले हे दोन टँगो. ते संपले की यादी संपली. यादी संपली की थांबेल.

ताइस्तो : थांबेल कशावरून?

ओस्मो : संपल्यावर कोण थांबत नाही?

मार्केता : ऐकलंस? पहिला सुरू व्हायला आलाय. जा.

ताइस्तो : दोन गाण्यांत काय होणार, मार्केता? मला माझं माहीत आहे. पहिल्यात मी पावलं सांभाळणार. दुसऱ्यात हवेबद्दल बोलणार. तेवढ्यात आभार मानायची वेळ येते.

मार्केता : मग हवेचं पहिल्यातच उरकून टाक.

ताइस्तो : पहिल्यात बोललो तर पाय चुकेल.

मार्केता : चुकू दे! तिच्याकडे दोन पाय आहेत. ऊठ. आणि तो लॅपटॉप काखेत मारून कुठे चाललास? ठेव तो खाली.

(ताइस्तो जातो. खोलीत मार्केता आणि ओस्मो. खिडकीतून मांडव दिसतो.)

ओस्मो : गेला बुवा. मला वाटलं नव्हतं.

मार्केता : कुठे चाललाय तो? खांब तर इकडे आहे.

ओस्मो : कर्ण्याची वायर तपासतोय.

मार्केता : देवा! हा माणूस... हां, वळला. वळला. ओस्मो, बाजूला हो, मला दिसत नाही.

ओस्मो : वाकला. तिने हात दिला. संपलं, आता काळजी नको.

मार्केता : काळजी आत्ता सुरू झालीय. बोलतोय का?

ओस्मो : नाही. ओठ हलतायत, पण ते एक-दोन, एक-दोन आहे.

मार्केता : तुझी रायली कुणाबरोबर आहे?

ओस्मो : तो कालेवी. होड्यांची मोटर विकणारा. असू दे, दोनच गाणी आहेत. हे बघ, दुसरा टँगो लागला.

मार्केता : आता बोलतोय! बोलतोय रे!

ओस्मो : हवा.

मार्केता : तुला इथून काय कळतं?

ओस्मो : आधी वर बघितलं, मग तळ्याकडे. हवाच आहे. उद्या पाऊस आहे, तेही सांगितलंय आता.

मार्केता : अरे ताइस्तो, सोड ती हवा. संपत आलं गाणं... संपलंच.

ओस्मो : चला. कॉफीवाल्या बाईला खूण करतो. अगं, हे काय वाजायला लागलं?

मार्केता : टँगो.

ओस्मो : टँगो आहे ते कळतंय. पण हा माझ्या यादीत नाही! आणि आधीच्याला चिकटूनच आला, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. फोन बघ. काय लिहिलंय त्यावर?

मार्केता : "तुम्हाला आवडेल असं आणखी."

ओस्मो : कुणी मागितलं आणखी? बंद कर. बघ तिकडे, कुणाला काही कळेना. आभार मानावेत तर गाणं चालू, आणि गाणं चालू असताना बाईला सोडून जायचं म्हणजे तिच्या तोंडावर अपमान. आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे, दोन गाणी आणि मग आपापल्या जागी. तिसरं एकाच माणसाबरोबर म्हणजे गावात चर्चा!

मार्केता : हो का?

ओस्मो : हसतेस काय? ताइस्तोचा लॅपटॉप असता तर थांबला असता.

मार्केता : थांबला असता. गेली अठरा वर्षं दर दोन गाण्यांनी थांबतोय तो. हात काढ फोनवरून.

ओस्मो : मार्केता, रायली हसतेय. तो माणूस मोटर विकतो! त्यात हसण्यासारखं काय आहे?

मार्केता : ओस्मो, तुझं लग्न झालंय, तुला काही होत नाही. माझ्या भावाकडे बघ. हवा संपलीय त्याची.

ओस्मो : म्हणजे?

मार्केता : वर बघत नाहीये. तळ्याकडे बघत नाहीये. तिच्याकडे बघून बोलतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिसरं गाणं मिळालंय. तू जर त्या बटणाला हात लावलास ना, तर पुढच्या बैठकीत तुझं खजिनदारपद जाईल.

ओस्मो : आणि कॉफी? गार होतेय.

मार्केता : होऊ दे. ह्या देशात गार कॉफीने कुणी मेलेलं नाही.

ओस्मो : बरं, टँगो तरी संपला हा. आता नक्की... हे काय? मार्केता, हे काय आहे?

मार्केता : गाणं.

ओस्मो : तळघरात अस्वल कोंडल्यासारखं वाटतंय. हे कुणाला आवडेल असं वाटलं त्याला?

मार्केता : फोन माझा आहे ना. त्याला माझी आवड ठाऊक आहे.

ओस्मो : तुझी? तू एकाहत्तर वर्षांची आहेस!

मार्केता : तळ्याच्या धक्क्यावर गालिचे घासून धुताना मी हेवी मेटलच ऐकते. टँगोवर गालिच्याचा मळ निघत नाही.

ओस्मो : आणि लोक नाचतायत ह्याच्यावर! ते बघ, सहकारी दुकानाचे जुने व्यवस्थापक आपला जुना हुम्पा नाच नाचतायत. थांबायची कुणालाच छाती होत नाही. आता तरी बदल ते. दुसरा टँगो लाव.

मार्केता : बदलायला गेले की मधे थांबणार. थांबलं की सगळे पुतळ्यासारखे उभे राहणार, आभार मानणार आणि आपापल्या जागी जाणार. तोही जाईल. रीत मोडणाऱ्यातला नाही तो.

ओस्मो : मग असंच रात्रभर?

मार्केता : त्याचं बोलून झालंय बहुतेक. तोंड मिटलंय. आता ती बोलतेय.

ओस्मो : काय बोलतेय?

मार्केता : मला काय माहीत? तिच्याबाबतीत हवेसारखी खूण नाही. मान हलली... ती हो अशी हलली का नाही अशी?

ओस्मो : ह्या गाण्यावर सगळ्यांचीच मान हलतेय.

मार्केता : देवा, ओस्मो, मला बघवत नाही. तू बघ. नाही, तू नको, मीच बघते. इकडे का येतायत ते?

ओस्मो : नाचत नाचत येतायत. हात सोडलेला नाही त्याने. खिडकीशीच आले.

ताइस्तो : मार्केता! बंद कर ते!

ओस्मो : तरी मी केव्हापासून म्हणतोय.

मार्केता : काय झालं? नाही म्हणाली का?

ताइस्तो : आधी बंद कर!

मार्केता : अरे, बंद केलं तर तुला तिला जागेवर नेऊन सोडावं लागेल. मग पुढचा बुधवार नाही. कळतंय का तुला?

ताइस्तो : कळतंय. मी विचारलंय, मार्केता. ती केव्हाची उत्तर देतेय, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाहीये.